आईबाप कुठल्या समुद्रातले? शार्कचं मत्स्यालय बांधणाऱ्यांना आणि मत्स्यव्यवसाय विभागाला खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रात शार्कची मत्स्यालयं बांधू पाहणारे सर्व प्रवर्तक;
तसंच मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष, महाराष्ट्र शासन

सप्रेम नमस्कार,

मी मालवण तालुक्यातली, रापणकराची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराची मुलगी. सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. करून आखातात गेले आणि तिथल्या एका मोठ्या मत्स्यालयात अकरा वर्षं शार्कच्या टाकीवर काम केलं. टाकीत उतरून काच पुसण्यापासून आजारी माशाला नळीने औषध देण्यापर्यंत सगळं. दोन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणामुळे घरी परतले.

दीड महिन्यापूर्वी आपल्या राज्यातल्या एका शहरात मत्स्यालय उभारू पाहणाऱ्या एका कंपनीने मला सल्लागार म्हणून बोलावलं. सादरीकरण देखणं होतं. काचेचा बोगदा, डोक्यावरून जाणारे झेब्रा शार्क, खाली हात वर करून बघणारी मुलं. शेवटच्या पानावर सिंधुदुर्ग किल्ल्याचा फोटो आणि त्याखाली एक ओळ होती : मत्स्यालयात जन्मलेली शार्कची पिल्लं दरवर्षी समारंभपूर्वक मालवणच्या समुद्रात सोडणार, राजा अम्पतच्या धर्तीवर.

मी विचारलं, "या पिल्लांचे आईबाप कुठल्या समुद्रातले?"

खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. "पुरवठादाराला विचारून कळवतो," म्हणाले. मग विचारलं, सोडलेलं पिल्लू जगलं की मेलं हे कोण बघणार? "तो भाग पुढे बघता येईल." मी काम नाकारून घरी आले. पण मी नाकारल्याने ते पान सादरीकरणातून जाणार नाही, आणि उद्या तेच पान मंत्रालयात कुणाच्या तरी टेबलावर येईल. तेव्हा राजा अम्पत म्हणजे काय हे माहीत असणारं कुणी त्या टेबलाशी असावं, म्हणून हे जाहीरपणे लिहिते आहे.

राजा अम्पत हा इंडोनेशियाच्या पूर्व टोकाचा, पापुआला लागून असलेला द्वीपसमूह. प्रवाळाचं इतकं वैविध्य जगात क्वचितच दुसरीकडे सापडेल. तरीही २००१ ते २०२१ या वीस वर्षांत अभ्यासकांनी तिथे पाण्याखाली शोधात घालवलेल्या सुमारे १५ हजार तासांत झेब्रा शार्क दिसले फक्त तीन. पर आणि मांस यांसाठी आधीच्या काळात ते उपसले गेले होते. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत ही जात २०१६ पासून 'संकटग्रस्त' आहे.

या गोष्टीचा जो भाग सादरीकरणात नव्हता, तो असा. तिथे पिल्लं आधी आली नाहीत, संरक्षण आधी आलं. सागरी संरक्षित क्षेत्रांचं जाळं उभं राहिलं, गावांनी गस्त घालायला सुरुवात केली, २०१२-१३ मध्ये सुमारे ४६ हजार चौरस किलोमीटर समुद्र शार्क आणि पाकटांसाठी अभयारण्य ठरला. मिसूल बेटावर ज्या जागी शार्कचे पर कापण्याचा तळ होता, तिथेच आज राखीव समुद्राचं काम चालतं. एवढं झाल्यावर काळ्या टोकाच्या पराचे शार्क आपले आपण परतले. झेब्रा शार्क मात्र परतले नाहीत, कारण उरलेल्यांना जोडीदार भेटणंच अवघड झालं होतं. समुद्र तयार आहे पण मासा नाही, अशी वेळ आली तेव्हाच लोकांनी मत्स्यालयांकडे वळून बघितलं.

आणि मत्स्यालयांत हा मासा सुखाने अंडी घालत होता. झेब्रा शार्क तळाशी निवांत पडून कल्ल्यांवरून पाणी फिरवू शकतो, त्याला सतत पोहावं लागत नाही, म्हणून टाकी त्याला इतर शार्कपेक्षा मानवते. ऑगस्ट २०२२ मध्ये सिडनीच्या मत्स्यालयातली अंडी विमानाने आणि मग बोटीने राजा अम्पतला पोहोचली. क्री आणि मिसूल बेटांवरच्या रोपवाटिकांमध्ये (त्या जागेला मला दुसरा शब्द सुचत नाही, कारण काम रोपं वाढवण्यासारखंच आहे) ती उबली. नेशा इचिदा या इंडोनेशियन शास्त्रज्ञ आणि गावातली तरुण मुलं-मुली यांनी पिल्लांना तिथल्याच गोगलगायी आणि शिंपल्या भरवल्या, म्हणजे पिल्लं आपलं अन्न ओळखायला शिकतील. टाकीतून मग समुद्रातल्या जाळीच्या आवारात, आणि तिथून जानेवारी २०२३ मध्ये चार्ली आणि कॅथलिन ही पहिली दोन पिल्लं मोकळ्या पाण्यात गेली. सुमारे दहा वर्षांत ५०० पिल्लं सोडायचं उद्दिष्ट आहे, कारण आपल्या बळावर टिकेल अशी संख्या व्हायची तर गणित तिथवर जातं. एका समारंभाने ते होत नाही.

हे सगळं मी इतक्या तपशिलाने सांगते याला कारण आहे. ज्या मत्स्यालयात मी होते तिथेही झेब्रा शार्कच्या माद्या होत्या. त्यांचं अंडं आपल्या मनातल्या अंड्यासारखं नसतं. तळहाताहून लांब, गडद तपकिरी, कातड्यासारखी चिवट पिशवी. कडेला मऊ तंतूंचे झुबके, ज्यांनी ती प्रवाळाला अडकून राहते. टाकीत अडकायला प्रवाळ नाही, म्हणून अंडी तळाशी लोळत राहायची आणि सकाळच्या फेरीत आम्ही ती वेचायचो. हंगामात दर काही दिवसांनी दोन-दोन. वेचायची, वहीत आकडा लिहायचा, पिशवीत बांधायची, कचऱ्यात टाकायची. पिल्लं वाढवायला जागा नाही, हे कारण.

एकदा रात्रपाळीला मी एक अंडं टाकलं नाही. बादलीत हवेची नळी सोडून मागच्या खोलीत ठेवलं. काही आठवड्यांनी अंधार करून मागून टॉर्च धरला. आत बलकाचा गोळा होता आणि त्याला लागून बोटाच्या पेराएवढा एक जीव, शेपटी सारखी हलवणारा. त्या दिवसापासून मी रोज बघायचे. पाचव्या महिन्यात पिशवीचं एक टोक उकललं आणि वीतभर लांबीचं, काळ्या अंगावर पिवळट पट्टे असलेलं पिल्लू बाहेर आलं. अर्धं अंग म्हणजे नुसती शेपूट. मोठेपणी हे पट्टे जाऊन ठिपके येतात. वरिष्ठांना कळलं, मला लेखी समज मिळाली, आणि पिल्लू दुसऱ्या मत्स्यालयाला दिलं गेलं. कुठल्या, ते मला सांगितलं नाही. त्या टाकीच्या बाहेर मोठ्या अक्षरांत पाटी होती : आम्ही महासागराचं रक्षण करतो.

अकरा वर्षांत माझ्या हातून किती अंडी कचऱ्यात गेली ते वहीत आहे, वही तिथे आहे. सिडनीची अंडी राजा अम्पतला पोहोचली ही बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, मूळ न विचारण्याची. झेब्रा शार्क सगळीकडे सारखाच दिसतो, पण रक्त एक नाही. जनुकीय अभ्यासातून त्यांचे दोन ठळक गट कळले आहेत : हिंदी महासागर ते आग्नेय आशिया हा एक, आणि पूर्व इंडोनेशिया ते ऑस्ट्रेलिया-ओशनिया हा दुसरा. राजा अम्पतला जाणाऱ्या प्रत्येक अंड्याच्या आईबापांची जनुकीय तपासणी होते, दुसऱ्या गटातले नसतील तर अंडी घेत नाहीत. आपला किनारा पहिल्या गटात मोडतो. मग ऑस्ट्रेलियाकडच्या शार्कची पिल्लं कुणी मालवणात सोडली तर तो उपकार होईल की भेसळ? आणखी एक गोष्ट. या जातीच्या माद्या नराशिवायही पिल्लं देऊ शकतात. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलच्या मत्स्यालयातल्या लिओनी नावाच्या मादीने ते करून दाखवलं, त्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आश्चर्याची गोष्ट आहे, पण अशा पिल्लांत फक्त आईचंच रक्त, तेही कमी वैविध्याचं. कागद नसतील तर समारंभात ट्रेमधून सोडलेलं पिल्लू कोणतं आहे हे कुणाला कळणार?

दुसरी तक्रार समारंभाबद्दल. टाकीतल्या माशाबरोबर टाकीतले परजीवी आणि रोगही समुद्रात जाऊ शकतात. हातातून खाणं घ्यायची सवय लागलेलं पिल्लू बोट दिसली की जवळ येतं. आययूसीएनने २०१३ मध्ये प्राण्यांच्या पुनर्स्थापनेची जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत सरळ म्हटलं आहे की जात ज्या कारणाने संपली ते कारण आधी दूर झालं पाहिजे. तुमच्या त्या शेवटच्या पानावर कारणाचा उल्लेखसुद्धा नव्हता.

तिसरी, अंडी वाया घालवण्याची. ही मी माझ्या हातांनी केली आहे, म्हणून ती सांगायचा मला हक्क आहे असं मी मानते. अंडी वाढवायची नसतील तर नर-माद्या वेगळ्या ठेवा. वाढवायची असतील तर कुणासाठी, कुठल्या समुद्रासाठी, हे आधी ठरवा. महिनोन्महिने मादीने अंडी घालावीत आणि आपण ती कचरागाडीत चढवावीत, आणि बाहेर संवर्धनाची पाटी लावावी, हे मला मान्य नाही.

चौथी तक्रार शासनाकडे आहे आणि ती मी डोळ्यांनी बघते. पहाटे बाजारात जाते तेव्हा टोपल्यांमध्ये हातभर लांबीच्या मोऱ्या असतात. आमच्याकडे शार्कला मोरी म्हणतात, मुंबईकडे मुशी. त्यांतली एखादी उलटी करून बघा. पुढच्या दोन परांच्या मधे पोटावर एक छोटी चीर दिसेल, काही वेळा अजून न भरलेली. ती त्यांच्या नाळेची खूण. झेब्रा शार्क अंडी घालतो, पण आपल्याकडच्या बऱ्याच मोऱ्या पिल्लांना जन्म देतात, आणि ही चीर उघडी असलेल्या मोरीला जन्मून काही दिवस, फार तर काही आठवडेच झालेले असतात. कान्या मुशीची, म्हणजे हातोड्याच्या डोक्याच्या शार्कची पिल्लंसुद्धा असतात त्यांत. त्यांतल्या एका जातीला आययूसीएनने २०१९ पासून 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं आहे. म्हणजे सिंधुदुर्गच्या उथळ पाण्यात शार्क अजूनही बाळंत होतात. पिल्लं विमानाने आणायची गरज कुणाला आहे? ती इथेच जन्मताहेत, आणि पहिला महिना संपायच्या आत शंभर-दोनशे रुपयांना वाट्यावर जाताहेत.

यात टोपलीमागे बसलेल्या मावशीला मी दोष देत नाही आणि तिच्या घरच्या माणसालाही नाही. त्याने जाळं सुरमई-बांगड्यासाठी टाकलेलं असतं, मोरी त्यात सापडते. बाबा रापणीत जिवंत लहान मोरी आली तर म्हणायचे, "गे चेडवा, लानशी आसा ती, सोड तिका." मी शेपटीकडून धरून पाण्यात सोडायचे. माझ्या आयुष्यातलं पहिलं शार्क सोडणं ते. त्याला बोगदा लागला नाही, विमान लागलं नाही. पण तेव्हा रापणीत इतर मासळी भरपूर येत होती म्हणून एक मोरी सोडणं परवडत होतं, हेही खरं. आज एलईडी दिव्यांची मासेमारी बंदी असूनही रात्री क्षितिजावर उजेड दिसतो, परप्रांतीय ट्रॉलर आत येतात, आणि पारंपरिक मच्छीमाराच्या वाट्याला जे उरतं त्यातली मोरी सोड असं मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

गुजरातमध्ये हे जमलं आहे. २००१ मध्ये देवमाशाएवढ्या व्हेल शार्कला कायद्याने संरक्षण मिळालं, २००४ पासून गावागावांत मोहीम झाली, रामकथाकार मोरारीबापूंनी त्या माशाला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली, आणि ज्या मच्छीमारांनी तो मारला होता त्यांनीच पुढे आपली जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले. फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळाली, म्हणून ते टिकलं. आपल्या राज्यातही २०१८ च्या अखेरीपासून संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. चांगली योजना आहे, मनापासून सांगते. पण टोपलीतल्या त्या नाळ न सुकलेल्या मोरीपर्यंत ती पोहोचत नाही. २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं गेलं. बंदरावर ते मोजायला माणूस दिसत नाही.

म्हणून मागण्या करते.

प्रवर्तकांना : टाकीत येणाऱ्या प्रत्येक शार्कचं मूळ, म्हणजे कुठल्या समुद्रातून किंवा कुठल्या मत्स्यालयातल्या आईबापांकडून आला, हे कागदासह जाहीर करा आणि टाकीच्या पाटीवर लिहा. ते सांगता येत नसेल तर तो मासा आणू नका. समुद्रातून पकडलेला शार्क टाकीसाठी विकत घेऊच नका. अंड्यांची नोंद सार्वजनिक ठेवा. आईबाप हिंदी महासागराच्या गटातले आहेत असं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं, तर ती अंडी त्या गटासाठी काम करणाऱ्या शास्त्रीय प्रकल्पाच्या हाती द्या. नाहीतर अंडी फळूच देऊ नका. आणि ते शेवटचं पान काढून टाका.

शासनाला : मत्स्यालयाने शार्क समुद्रात सोडण्याच्या कोणत्याही प्रस्तावाला जनुकीय अहवाल, रोगतपासणी, खुणेची चकती लावून किमान दहा वर्षं पाठपुरावा आणि त्याचा बाजूला ठेवलेला पैसा, एवढं असल्याशिवाय परवानगी देऊ नये. प्रस्ताव मराठीत, गावाच्या चावडीवर लागला पाहिजे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसांना विश्वासात घेतलं नाही. त्याची कटुता मी घरात ऐकत वाढले. ती चूक परत नको. राजा अम्पतमध्ये पिल्लांना भरवणारे हात गावातले आहेत, हे विसरू नये.

भरपाई योजनेत संकटग्रस्त शार्कच्या नवजात पिल्लांना जिवंत सोडणाऱ्यालाही मोबदला द्यावा, आणि तो महिन्याच्या आत मिळावा. मोऱ्या कुठल्या खाडीच्या तोंडाशी, कुठल्या महिन्यात बाळंत होतात हे मच्छीमारांना माहीत असतं. त्यांच्याबरोबर बसून त्या जागांचा नकाशा करावा आणि तेवढे आठवडे तेवढ्या जागा मच्छीमारांच्याच संमतीने मोकळ्या ठेवाव्यात, त्या काळाची नुकसानभरपाई देऊन. एलईडी आणि आत घुसणाऱ्या ट्रॉलरवरची कारवाई कागदावरून समुद्रावर यावी.

आणि आंग्रिया बँक. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून अधिक आत, कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं, पाण्याखाली वीसेक मीटरवर माथा असलेलं ते प्रवाळाचं पठार. उद्या महाराष्ट्रासमोर कधी शार्क परत आणायचा प्रश्न खरोखर आलाच, तर जागा म्हणून माझ्या डोळ्यासमोर तीच येते. ती राज्याच्या सागरी हद्दीपलीकडे आहे म्हणून निर्णय केंद्राच्या हातात जातो, हे समजतं. पण संरक्षणाचा प्रस्ताव वर्षानुवर्षं चर्चेत असताना राज्याने दिल्लीकडे पाठपुरावा करणं थांबवू नये. संरक्षण मिळाल्यावरही झोपून चालत नाही. राजा अम्पतमध्येच बेटांवर निकेलच्या खाणी पोहोचल्या होत्या. लोक रस्त्यावर आणि समुद्रात उतरले तेव्हा जून २०२५ मध्ये इंडोनेशिया सरकारने पाचपैकी चार परवाने रद्द केले. पाचवा राहिलाच.

मी मत्स्यालयांच्या विरोधात नाही. काचेला नाक लावून शार्क बघणारी मुलं मी अकरा वर्षं रोज बघितली आहेत, त्यांच्यातली भीती दहा मिनिटांत जाताना बघितली आहे. कुणी मागण्या मान्य करून मत्स्यालय बांधणार असेल तर पाण्याची गुणवत्ता, आहार, अंड्यांची निगा, जे मला येतं ते मी मोबदला न घेता शिकवीन. मत्स्यव्यवसाय विभागाने बाजारातल्या मोऱ्यांची मोजदाद सुरू केली तर रोज पहाटे पाच वाजता मी मोजपट्टी घेऊन बंदरावर येईन. येतेच आहे, गेल्या पावसाळ्यानंतरची माझी वही भरत आली आहे. ती विभागाला द्यायची आहे. कुणाच्या हाती द्यायची, एवढं कळवावं.

आपली,
एक माजी मत्स्यालय-कर्मचारी
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग